भिंत, वीट आणि चादर: अय्यंगार योगाची सुरुवात कशी करावी

अय्यंगार योगाच्या वर्गात पहिल्याच दिवशी त्रिकोणासनात माझा उजवा हात जमिनीला टेकला आणि मी मनातून खूश झाले. बाई जवळ आल्या. त्यांनी एक लाकडी वीट उभी करून माझ्या तळव्याखाली सरकवली आणि म्हणाल्या, "आता छाती वर वळवा." हात नऊ इंच वर आला आणि इतका वेळ काय चाललं होतं ते लक्षात आलं. छाती जमिनीकडे कलली होती, श्वास अडकला होता, मागच्या पायाची बाहेरची कड जमिनीवरून सुटली होती. हात टेकला होता खरा, पण त्रिकोण कुठे नव्हताच. विटेवर हात ठेवल्यावर बरगड्या उघडल्या आणि त्या आसनात मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

त्याआधी दोन वर्षं मी दुसऱ्या एका वर्गात पन्नासेक जणांबरोबर भराभर आसनं करत होते. गुडघा दुखायला लागला तेव्हा "सवय होईल" एवढंच उत्तर मिळालं. सवय झाली ती दुखण्याची. म्हणून साठीच्या उंबरठ्यावरच्या, कंबर धरलेल्या, "मला नाही बाई जमायचं" म्हणणाऱ्या माणसांसाठी हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. ही पद्धत अशाच माणसांसाठी आहे. ती मुळात आली तीच एका दुखऱ्या शरीरातून.

आजारी मुलगा, परकं शहर

बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार यांचा जन्म 14 डिसेंबर 1918 चा, कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूर गावचा. ते वर्ष इन्फ्लुएंझाच्या महासाथीचं. घरात तेरा भावंडं, हे अकरावे. नऊ वर्षांचे असताना वडील गेले. मलेरिया, विषमज्वर, क्षय असं एकामागून एक लागलेलं. हातपाय काडीसारखे, छाती खोल गेलेली. 1934 मध्ये ते मैसूरला गेले, बहिणीच्या घरी. बहिणीचे यजमान म्हणजे तिरुमलाई कृष्णमाचार्य. मैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वाडियार यांच्या आश्रयाने ते जगनमोहन राजवाड्यात योगशाळा चालवत होते. पुढे अष्टांग विन्यास योग जगभर पोहोचवणारे के. पट्टाभी जोइस हेही त्यांचेच शिष्य. एकाच गुरूकडून दोन अगदी वेगळ्या वाटा निघाल्या. जोइसांच्या वाटेवर श्वासाच्या तालावर एका आसनातून दुसऱ्यात वाहत जायचं. अय्यंगारांच्या वाटेवर एकाच आसनात थांबायचं आणि आत काय चाललंय ते पाहायचं.

1937 मध्ये अठरा वर्षांचे अय्यंगार पुण्यात आले. डॉ. गोखले नावाच्या शल्यविशारदांच्या पुढाकाराने डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकवायला बोलावणं आलं होतं. थोडंफार इंग्रजी येतं म्हणून त्यांची निवड झाली. मराठीचा गंध नव्हता. समोर बसलेले विद्यार्थी वयाने मोठे, शिकलेले आणि तब्येतीने त्यांच्याहून धडधाकट. मैसूरचं शिक्षण जेमतेम दोनतीन वर्षांचं. विद्यार्थ्याने "इथे का दुखतं?" विचारलं तर उत्तर कुठून आणायचं? ते स्वतःच्या शरीरातूनच शोधायला हवं होतं. ते रोज तासन्‌तास सराव करू लागले. टाच इंचभर वळवली की गुडघ्याला काय होतं, मांडी फिरवली की कंबर कशी मोकळी होते, हे त्यांनी स्वतःवर करून पाहिलं. माझ्या मते या पद्धतीचा खरा जन्म तिथे झाला, त्या एकाकी वर्षांत.

सहा महिन्यांसाठी आलेला माणूस पुण्याचाच होऊन गेला. 1943 मध्ये रमामणींशी लग्न झालं. 1952 मध्ये मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांच्याशी भेट झाली. पाच मिनिटांसाठी ठरलेली ती भेट कितीतरी लांबली आणि त्यातून युरोपचं दार उघडलं. बेल्जियमची राजमाता एलिझाबेथ हिला वयाच्या ऐंशीनंतर त्यांनी शीर्षासन शिकवलं. 1966 मध्ये 'लाइट ऑन योग' प्रसिद्ध झालं. त्यात सुमारे दोनशे आसनं आहेत, सहाशेच्या आसपास छायाचित्रं आहेत आणि शेवटी 300 आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. तीनशे आठवडे, म्हणजे जवळजवळ सहा वर्षं! दहा दिवसांत योग शिकवणाऱ्या जाहिरातींच्या जमान्यात हा आकडा मला फार धीर देतो.

पुण्यात शिवाजीनगरच्या मॉडेल कॉलनीतली अय्यंगारांची संस्था 19 जानेवारी 1975 ला सुरू झाली. भूमिपूजनानंतर थोड्याच दिवसांत, 1973 मध्ये, रमामणी गेल्या, म्हणून संस्थेला त्यांचं नाव: रमामणी अय्यंगार मेमोरियल योग इन्स्टिट्यूट. मुलगी गीता आणि मुलगा प्रशांत यांनी तिथल्या अध्यापनाची धुरा सांभाळली. गीताताईंनी स्त्रियांच्या शरीराचा, पाळीचा, गरोदरपणाचा विचार करून आसनांचे क्रम बसवले, हे काम मला विशेष मोलाचं वाटतं. गुरुजींना, म्हणजे अय्यंगारांना, 2014 मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात ते गेले. नव्वदी ओलांडल्यावरही ते संस्थेत स्वतःचा सराव करत. आपण शिकवतो तो पतंजलींचाच योग, असं ते म्हणत. 'अय्यंगार योग' हे नाव इतरांनी रूढ केलं.

या पद्धतीत वेगळं काय

मांडणी, क्रम, वेळ आणि साधनं, या चार गोष्टींवर सगळं उभं आहे.

मांडणी म्हणजे कोणतं हाड कुठे, कोणती कातडी कुठल्या दिशेने. सूचना इतक्या बारीक असतात की नवख्या माणसाला दडपण येतं. "डाव्या टाचेची बाहेरची कड दाबा" हे ऐकताना वाटतं, टाचेला कड असते? असते. ती दाबायला गेलात की पाच सेकंद मन दुसरीकडे जाऊच शकत नाही. बारकाव्यांचं काम तेच.

क्रम म्हणजे कशानंतर काय. उभ्याची आसनं आधी, कारण पाय जागे झाल्याशिवाय पाठ उठत नाही. शीर्षासन केलं तर त्यानंतर सर्वांगासन हवंच, पण सर्वांगासन झाल्यावर शीर्षासनाकडे परत जायचं नाही. वेळ म्हणजे थांबणं: सुरुवातीला वीस-तीस सेकंद, पुढे मिनिट, पुढे पाच मिनिटं. आणि साधनांमुळे थांबणं शक्य होतं. गुरुजींनी विटा, दगड, खुर्च्या, हाताशी येईल ते वापरून पाहिलं. आज जगभरच्या योगवर्गांत दिसणारे ठोकळे, पट्टे आणि लोड यांच्यामागे त्यांचेच प्रयोग आहेत.

साधन म्हणजे कमकुवत माणसाची काठी, हा समज मनातून काढून टाका. वीस वर्षं शिकवणारे शिक्षकही विटा घेऊन सराव करताना मी पाहिले आहेत.

घरात काय लागेल

न घसरणारी एक मॅट. दोन विटा: लाकडी मिळाल्या तर उत्तम, नाहीतर जाड पुस्तकं सुतळीने घट्ट बांधून काम भागतं. फोमच्या विटा हलक्या असतात, पण भार टाकला की दबतात, म्हणून उभ्या आसनांत लाकूडच बरं. एक लांब पट्टा, जुनी सुती ओढणीही चालेल. तीन-चार जाड सुती चादरी किंवा सोलापुरी चादरी (मऊ, फुगीर ब्लँकेट नको, त्यावर शरीर रुतत जातं). बैठकीतला लोड असेल तर तो. हात नसलेली भक्कम खुर्ची, आणि चार फूट मोकळी भिंत. पुण्यामुंबईच्या घरात ती भिंत मिळवणंच सगळ्यात अवघड! आमच्याकडे कपाट फूटभर सरकवावं लागलं.

पोट रिकामं हवं. जेवणानंतर निदान चार तास, चहानंतर अर्धा तास. पाय अनवाणी, मोजे चालणार नाहीत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते. रक्तदाब, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास, मानेच्या मणक्याचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर हे वाचून घरी सुरुवात करू नका. आधी डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकांना सगळं सांगा. या परंपरेत अशांसाठी वेगळे क्रम आहेत.

पहिला महिना: उभं राहायला शिका

*ताडासन.* भिंतीला पाठ लावून उभे राहा. दोन्ही पाय जुळवा, अंगठे टेकलेले. तोल जात असेल तर पायांत वीतभर अंतर ठेवा. आता तळपायाच्या चार कोपऱ्यांवर लक्ष न्या: अंगठ्याचा उंचवटा, करंगळीचा उंचवटा, टाचेची आतली बाजू, टाचेची बाहेरची बाजू. भार कुठे जास्त पडतोय? आपली चप्पल पालथी करून पाहा, कुठे झिजली आहे त्यावरून उत्तर मिळेल. चारही कोपऱ्यांवर सारखा भार आणा, गुडघ्याच्या वाट्या वर खेचा, मांड्यांचे स्नायू मागे हाडाकडे दाबा. खांदे मागे आणि खाली. आमच्या बाई म्हणायच्या, "पंढरीचा विठोबा आठवा, समचरण." विटेवर उभं राहायचं तर दोन्ही पायांवर सारखाच भार हवा. मिनिटभर असेच उभे राहा. वाटतं तेवढं सोपं नाही.

*ओट्याशी अर्धं उत्तानासन.* हे माझं सगळ्यात आवडतं, आणि त्याला स्वयंपाकघराचा ओटा पुरतो. तळवे ओट्याच्या कडेवर खांद्याइतक्या अंतरावर ठेवा आणि मागे चालत जा. हात, पाठ आणि कंबर एका रेषेत आली, पाय सरळ उभे राहिले की थांबा. बोटांनी ओटा पुढे ढकला, मांड्या मागे दाबा. पाठ पोळपाटासारखी सपाट व्हायला हवी. गोल होत असेल तर गुडघे किंचित वाकवा, माकडहाड मागे-वर न्या आणि मग पाय हळूहळू सरळ करा. अर्धं मिनिट थांबा, पुढे चालत या, वर या. माझी आई सत्तरीत कुकरच्या शिट्ट्या मोजत हे करायची. तीन शिट्ट्या होईपर्यंत पाठ लांब.

*उत्थित त्रिकोणासन.* इथे घाई अजिबात नको. भिंतीला पाठ करून उभे राहा आणि पायांत तीन ते साडेतीन फूट अंतर घ्या. उजवा पाय पूर्ण बाहेर वळवा, डावा थोडा आत. डावी टाच भिंतीला टेकलेली, उजवा पाय भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे. उजव्या टाचेतून मागे सरळ रेषा काढली तर ती डाव्या तळपायाच्या कमानीच्या मध्यावर यावी. उजव्या घोट्याच्या बाहेर वीट उभी ठेवा.

हात खांद्याच्या रेषेत पसरा. खाली जाण्याआधी उजवी मांडी बाहेर फिरवा, इतकी की गुडघ्याची वाटी पायाच्या मधल्या बोटांकडे बघेल. गुडघा वाचवणारी हीच एक सूचना आहे, आणि माझ्या आधीच्या वर्गात ती कोणी कधी दिली नव्हती. मग श्वास सोडत उजवीकडे जा. कमरेतून मोडू नका, जांघेतून वळा. तळवा विटेवर ठेवा, डावा हात छताकडे. आता तीन गोष्टी करायच्या: डाव्या टाचेची बाहेरची कड जमिनीत दाबा, उजवा नितंब पुढे भरा, डावा खांदा भिंतीकडे मागे न्या. डोकं भिंतीला टेकलं तर टेकू द्या. मान दुखत असेल तर वर न बघता समोर बघा.

वीस-तीस सेकंद थांबा. श्वास अडकला तर आणखी वर या, वीट कमी पडत असेल तर खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवा. श्वास घेत मागच्या पायाच्या जोरावर वर या, हाताला झटका देऊन नको. मग डावी बाजू. दोन बाजू सारख्या नसतात, हे पहिल्याच दिवशी कळेल.

यांच्या जोडीला भिंतीशी वृक्षासन (एका पायावर उभं राहणं) आणि वीरभद्रासनाचा दुसरा प्रकार (पाय पसरून एक गुडघा वाकवणं) घ्या. वीरभद्रासनात वाकवलेला गुडघा घोट्याच्या बरोबर वर हवा, आत कलू देऊ नका. अधोमुख श्वानासनात (तळवे आणि पाय जमिनीवर, कंबर वर उचललेली) तळवे जमिनीवर ठेवून अंगठा आणि तर्जनी भिंतीला भिडवा. टाचा टेकल्या नाहीत तर चालेल, पाठ आखडता कामा नये.

बसणं आणि वळणं

जमिनीवर बसताना कंबर मागे लोळत असेल तर खाली दोन-तीन इंच घडी घातलेल्या चादरी घ्या. घडीची कड नीट, सुरकुती नको. वर्गात चादर घडी घालण्यावरूनही बोलणी बसतात आणि ती योग्यच असतात, कारण चादर वाकडी तर कटी वाकडी. दंडासनात पाय पुढे सरळ, पट्टा तळपायांभोवती, हात लांब, छाती उचललेली. पुढे वाकायचा मोह आवरा. मांडी घालून बसाल तेव्हा अर्ध्या वेळाने पायांची अदलाबदल करा. आपण जन्मभर एकच पाय पुढे घेऊन बसलेलो असतो.

वळण्यासाठी खुर्चीवरचं भरद्वाजासन. खुर्चीवर आडवे बसा, उजवी बाजू खुर्चीच्या पाठीकडे, गुडघ्यांमध्ये वीट. श्वास घेत उंच व्हा, श्वास सोडत पाठीकडे वळा, हातांनी खुर्चीची पाठ धरा. वीट सरकली याचा अर्थ गुडघे पुढेमागे झाले, वळण कमरेतून आलेलं नाही. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांनी हे दुपारीही करावं.

सर्वांगासनाबद्दल

सर्वांगासन घरी एकट्याने सुरू करू नका. एकदा शिक्षकांसमोर शिका, मग घरी करा. पण चादरी का लागतात ते समजून घ्या. तीन-चार चादरी एकसारख्या घडीच्या, एकावर एक, कडा जुळवलेल्या. खांदे चादरींवर, डोकं खाली जमिनीवर. त्यामुळे मानेला काटकोनात मोडावं लागत नाही. वर गेल्यावर मान कधीही डावीउजवीकडे वळवायची नाही. पाळीच्या दिवसांत उलटी आसनं वर्ज्य. त्या दिवसांत लोडावर पाठ टेकून सुप्त बद्धकोनासन करावं, तळपाय जुळवलेले, मांड्यांखाली चादरींचा आधार.

तोवर विपरीत करणी: भिंतीजवळ कमरेखाली लोड घेऊन पाय भिंतीवर सरळ टाकायचे. प्रवासाहून आल्यावर पाच मिनिटं करून पाहा.

शवासन गाळायचं नाही

पाठ दुखत असेल तर पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा. डोक्याखाली एक घडी घ्या, कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर राहील इतकी. डोळ्यांवर सुती रुमाल. दात विलग, जीभ खाली सोडलेली. पाच ते दहा मिनिटं. उठताना उजव्या कुशीवर वळा, जरा थांबा, हाताने जमीन दाबत उठा, डोकं सगळ्यात शेवटी वर येऊ द्या.

प्राणायामाची घाई नको. या परंपरेत आसनात स्थिरता आल्यावरच प्राणायाम सुरू होतो, तोही आधी आडवं पडून, छातीखाली चादरींची अरुंद घडी घेऊन.

महिन्याचं चक्र आणि शिक्षक

पुण्याच्या संस्थेत महिन्याच्या वर्गांना एक लय असते: पहिला आठवडा उभ्या आसनांचा, दुसरा पुढे वाकण्याचा, तिसरा मागे वाकण्याचा, चौथा विश्रांतीच्या आसनांचा आणि प्राणायामाचा. घरी दोन-तीन महिने फक्त पहिला आणि (प्राणायाम वगळून) चौथा आठवडा आलटून पालटून करा. मागे वाकणं वर्गातच शिका. रोज पंचवीस मिनिटं पुरतात. रविवारी दोन तास आणि बाकी आठवडा शून्य, असं मात्र नको.

शिक्षक निवडताना वर्ग एकदा बसून पाहा. प्रमाणपत्र आहे का ते विचाराच, आणि शिवाय हे बघा: पहिल्या दिवशी आजार, शस्त्रक्रिया यांची चौकशी होते का? शिक्षक स्वतः आसन करून दाखवून मग विद्यार्थ्यांमध्ये फिरतात का? एखाद्याला जमत नसेल तर खुर्ची आणून देतात की "जोर लावा" म्हणतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दुसरं असेल तर तिथून निघा.

आणि एक वही ठेवा. विटेच्या तीन उंची असतात: उभी, आडवी आणि सपाट. रोज तारीख टाकून लिहा, त्रिकोणासनात उजवीकडे कोणती, डावीकडे कोणती, किती सेकंद, श्वास अडकला का. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे: "उजवी उभी, डावी उभी, पंधरा सेकंद, अडकला." कालच्या पानावर आहे: "उजवी आडवी, डावी सपाट, एक मिनिट."